एकास बहात्तर

लढाऊ विमानाची चिमुकली प्रतिकृती शाळेतील मुलामुलींच्या हाती द्यावी काय, असा प्रश्न यंदा आमच्या काही पालकांनी विचारला आहे. ज्या शाळेत दररोज शांतीच्या अधिपतीच्या नावाने प्रार्थना होते, त्या शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासास माणसे मारण्याकरिता निर्माण झालेल्या यंत्राचे रूप मुलांकडून घडवून घेणे कितपत शोभते, असा त्यांचा आशय आहे. प्रश्न नम्रपणे विचारलेला आहे. शिवाय विचारणारांपैकी एक गृहस्थ स्वतः सैन्यात नोकरी करून परतलेले असल्यामुळे ‘युद्ध म्हणजे काय हे तुम्हांस ठाऊक नाही’ असे म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही. दुसऱ्या बाजूस कित्येक विद्यार्थ्यांस यात विचार करण्याजोगे काही आहे असेच वाटत नाही. विमान सुंदर आहे, ते करावयास मिळते, आणि दिवाळीची सुटी बरी जाते, एवढ्यावर त्यांचे समाधान आहे. आम्हांस यांपैकी एकही पक्ष पुरता पटत नाही. तो का पटत नाही हे सविस्तर सांगण्याची परवानगी आम्ही वाचकांजवळ मागतो.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्याकरिता प्रथम तिचे वर्णन केले पाहिजे. पेटी उघडली की आत विमान नसते. प्लॅस्टिकच्या चौकटींना देठांनी चिकटलेले तीसचाळीस तुकडे, पाण्यात भिजवून चिकटवावयाच्या खुणांचा एक कागद, आणि कोणता तुकडा केव्हा व कोठे बसवावा हे आकड्यांनी दाखविणारे एक पत्रक, एवढाच ऐवज असतो. तुकडा देठापासून कापावा, त्याचा काठ पॉलिश कागदाने साफ करावा, तो आधी कोरडाच जुळवून पाहावा, आणि मग टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच डिंक त्यास लावावा. हा डिंक आपल्या बाभळीच्या डिंकासारखा नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळे एकदा वाकडा बसलेला पंख पुढे सरळ करणे फार कठीण. घाई करणाऱ्या मुलाच्या बोटाचा ठसा त्याच्या विमानावर कायमचा उमटतो, व तो कोणाचा हे वर्गात सर्वांस न सांगता समजते. ज्या मुलाची वही कधी नीट नसते तो या कामात पंधरा पंधरा मिनिटे श्वास रोखून बसलेला आम्ही पाहिला आहे. हस्तव्यवसाय म्हणून या कामाची योग्यता सिद्ध करण्यास एवढे पुरे आहे, व त्याबद्दल पालकांचीही तक्रार नाही.

प्लॅस्टिकच्या अशा पेट्या इंग्लंडात १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्रथम निघाल्या. त्यापूर्वी तेथे लाकडी तुकड्यांच्या पेट्या विकत मिळत. युद्ध संपल्यावर १९५३ साली एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर या विमानाची लहानशी पेटी बाजारात आणली, आणि पुढे हा नाद सर्व जगात पसरला. यांतील पुष्कळ पेट्यांवर १/७२ असा आकडा छापलेला असतो. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म त्या आकड्यात आहे.

पोळ्यास आपल्याकडे मुले मातीचे बैल करतात. एखाद्या बैलाचे शिंग त्याच्या पायाहून लांब झाले तर कोणी तक्रार करीत नाही. उलट घरातील आजीबाई त्याच बैलास अधिक ऐटबाज म्हणतात. नाताळात आमची मुले गव्हाणीचा देखावा मांडतात. त्यात मेंढपाळ गोठ्याहून उंच आणि मेंढरू गाढवाएवढे असते, आणि आमच्या आनंदास त्यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. तेथे भक्तीचे व हौसेचे राज्य आहे. परंतु एखादी वस्तू ‘एकास बहात्तर’ म्हणवून घेऊ लागली की ती पाहणारास एक वचन देते. मूळ वस्तूच्या बहात्तर इंचांस येथे एक इंच, म्हणजे सहा फुटांस एक इंच. पंखास हे माप, शेपटीस हेच, चाकासही हेच. आपल्या भाषेत मापाचे गुणोत्तर आणि सत्याचा आधार या दोहोंसही ‘प्रमाण’ हा एकच शब्द आहे. ज्याने कोणी हा शब्द असा दुहेरी वापरला तो आमच्या मते फार शहाणा मनुष्य असला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी थोडे गणित करून पाहावे. हरिकेन नावाच्या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार ४० फूट, म्हणजे ४८० इंच. त्यास ७२ ने भागले की ६ पूर्णांक २ तृतीयांश इंच येतात. नेहमीच्या फूटपट्टीच्या अर्ध्याहून थोडे अधिक. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. या मापाने ते सव्वा किलोमीटर होईल, आणि मूळ हरिकेन विमान आपल्या पूर्ण वेगाने ते साधारण दहा मिनिटांत तोडीत असे. आता वजनाचे पाहा. लांबी बहात्तरपट कमी झाली म्हणून वजनही तितकेच कमी होईल असे बहुतेक मुले सांगतात. परंतु लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बहात्तरपट घटल्या, तेव्हा ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ ने भागावे लागेल. साडेतीन टनांच्या सज्ज विमानाचे त्या हिशेबाने दहा ग्रॅमही भरत नाहीत. आणि विमान चालविणारा मनुष्य? तो उभा राहिला तर एक इंचाच्या आतच.

हे माप केवळ खेळण्याचे राहिले नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. १९३९ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेस इंग्लंडने युद्ध पुकारले आणि ६ तारखेस इंग्लंडच्याच स्पिटफायर विमानांनी इंग्लंडचीच दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यात एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. आकाशात क्षणभर दिसणारी आकृती आपली की परक्याची, हे ओळखता न येणे किती महाग पडते हे त्या दिवशी दिसून आले. पुढे १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या आरमाराने आपल्या देशातील शाळांस हाक दिली, की निरनिराळ्या जातींच्या विमानांच्या पाच लक्ष प्रतिकृती आम्हांस करून द्या. माप एकास बहात्तर. तेथील मुलामुलींनी शाळेच्या कर्मशाळेत लाकूड तासून त्या केल्या, पत्र्याच्या वा पुठ्ठ्याच्या साच्यांनी तपासल्या, आणि काळ्या रंगाने रंगवून पाठविल्या. पस्तीस फुटांवर टांगलेली अशी प्रतिकृती डोळ्यास जशी दिसते, तसे खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. तोफेवर बसणाऱ्या जवानांस यांवरून आपले व परके ओळखावयास शिकवीत. शाळकरी मुलाच्या हातून पंख रेसभर आखूड झाला तर त्याची किंमत कोठे तरी कोणास द्यावी लागे. प्रमाण सांभाळणे म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशची कथा. आमच्या देशाचा पेटीतल्या विमानाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. १९४२ साली तेथून जे पहिले हॉक लढाऊ विमान उडाले, त्याचे भाग अमेरिकेहून आलेले होते व येथील कामगारांनी ते जुळविले होते. पुढे आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे मिग-२१ विमाने होऊ लागली, त्यांचाही आरंभ रशियाहून आलेले भाग जुळविण्यापासूनच झाला. ती मिग विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या हवाई दलातून निवृत्त झाली. परक्याने पाठविलेले तुकडे जुळविता जुळविता एक एक तुकडा घरी करावयास शिकणे, हीच त्या कारखान्यांची वाट होती. तेव्हा पेटी उघडून बसलेल्या मुलास आम्ही हलक्या कामास लागला असे म्हणू शकत नाही.

आणि मुंबईची ती दुर्घटना तर आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेली व सांगितलेली आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले, तेव्हा त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि भाग सुटे करून पेट्यांत भरलेली स्पिटफायर विमाने होती. वाटेत कराचीस त्यावर कापसाच्या गठाणी चढविण्यात आल्या. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! आमच्या खानदेशात जिनिंगच्या आवारात विडी ओढणाऱ्या हमालास मुकादम काय ऐकवितो हे ज्यांस माहीत आहे, त्यांस यावर अधिक काही सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत त्या कापसास आग लागली, दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले, आणि आग विझविण्यास धावलेल्या बंबवाल्यांसह शेकडो माणसे मेली. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पेटीवरील चित्रात निळे आकाश आणि वळसा घेणारे विमान असते. गोदीतील ते मजूर कोणत्याही पेटीवर छापलेले आम्ही पाहिले नाहीत.

येथे आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. पेटी पंखाचे प्रमाण काटेकोर सांभाळते आणि गोष्टीचे सोडून देते. आठ बंदुकांची आठ भोके अचूक जागी असतात. त्या बंदुका कोणावर रोखल्या होत्या हे पत्रकात नसते. शाळेचे काम हे राहिलेले प्रमाण भरून देण्याचे आहे, आणि ते काम शाळेने केले तर ही प्रतिकृती आमच्या तासास खुशाल असावी. शाळा ते करणार नसेल तर पालकांची हरकत योग्य आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

हरिकेनचेच उदाहरण घेऊ. त्याचा आराखडा करणारे सिडनी कॅम हे इंग्लंडातील विंडसर गावच्या एका सुताराचे पुत्र. बारा भावंडांत ते थोरले. बालपणी ते विमानांच्या प्रतिकृती करून ईटन येथील धनिकांच्या मुलांस विकीत. पुढे याच मनुष्याने केलेले विमान १९३५ च्या नोव्हेंबरात प्रथम उडाले, आणि तसली चौदा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. सुताराच्या घरातून जगास काय मिळू शकते हे ख्रिस्ती माणसास नव्याने सांगावयास नको, तथापि आमच्या वसतिगृहातील मुलांनी ही हकीकत जरूर ध्यानात ठेवावी. त्या विमानाचा शेपटीकडील भाग पोलादी नळ्यांवर लाकडी पट्ट्या बसवून त्यावर लिननचे कापड ताणून केलेला असे. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या सालीतील धाग्याचे कापड. आम्ही जवसाची चटणी करतो, त्यांनी जवसाचे विमान केले! प्रतिकृतीच्या प्लॅस्टिकवर त्या लाकडी पट्ट्यांचे बारीक वरंबे हातास लागतात. हे सर्व शिकविण्यास गोड आहे.

परंतु हे विमान आमच्याकडे कोणी चालविले? १९४४ च्या फेब्रुवारीत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली, हरिकेन विमाने घेऊन इम्फाळास गेली. पुढे लवकरच जपानी सैन्य मणिपुरात शिरले. डोंगरांच्या घळींतून खाली उतरून टेहळणी करणे, छायाचित्रे घेणे आणि शत्रूचा मार्ग कळविणे हे त्या तुकडीचे मुख्य काम होते. ब्रह्मदेशाच्या त्या मोहिमेत विमाने चालविणाऱ्या भारतीय तरुणांत एक मराठी नाव हृषीकेश मुळगावकर यांचे आहे; ते पुढे १९७६ ते १९७८ या काळात आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. हे सारे आपले शूर लोक होत, व त्यांचे स्मरण करताना आम्हांस संकोच वाटत नाही.

मात्र त्याच डोंगरांत, त्याच महिन्यांत, जपानी सैन्याच्या बरोबरीने सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेचे शिपाई चालत होते. मुंबईच्या गोदीत जहाज फुटले त्याच १४ एप्रिल १९४४ रोजी इम्फाळच्या दक्षिणेस मोइरांग येथे कर्नल शौकत मलिक यांनी त्या सेनेचा तिरंगा उभारला. वर विमानात भारतीय, खाली रानात भारतीय. वरचा म्हणे मी माझ्या देशाचे रक्षण करतो आहे, खालचा म्हणे मी माझ्या देशास सोडवितो आहे. आणि येथे आमच्या खानदेशात काय घडत होते? त्यापूर्वी दीड वर्षाच्या आसपास, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार गावी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा हाती तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला असता सरकारी पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडला. त्याच्याबरोबर त्याचे चार सवंगडीही. ज्या राज्याची खूण हरिकेनच्या पंखावर होती, त्याच राज्याची ती बंदूक होती.

कित्येक पालक म्हणतात, ‘इंग्रजांचे विमान कशास? आपले स्वदेशी करा.’ आम्ही त्यांस विचारतो, इम्फाळचे हरिकेन इंग्रजांचे की आपले? आमच्या नववीच्या वर्गास आम्ही हाच प्रश्न घातला. एक संपूर्ण तास गेला, दोन बाके एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि उत्तर मिळाले नाही. आमच्या वीस वर्षांच्या शिक्षकीत इतिहासाचे इतके चांगले तास थोडेच झाले असतील. पाठ्यपुस्तकातील ‘दुसरे महायुद्ध’ हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करणारी मुले त्या दिवशी घरी जाऊन आजोबांस प्रश्न विचारू लागली. एका चिमुकल्या पंखावर कोणती खूण चिकटवावी, एवढ्यावरून हे घडले. आणि ती खूण तरी किती बोलकी! पूर्वेकडील आघाडीवर तिच्यातील मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला होता, कारण जपानचे चिन्हही तांबडे वर्तुळ, आणि घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडील ही भीती. म्हणून तेथे निळे आणि फिकट निळे एवढेच रंग राहिले. ज्या मुलाने पेटीवरच्या चित्रावरून तांबडा ठिपका दिला त्यास दुसऱ्याने ते दाखवून दिले.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. एक विद्यार्थी स्पिटफायर करीत होता. खुणांच्या कागदावर राईएवढे लहान काळे क्रूस एका ओळीत छापलेले होते, आणि ते वैमानिकाच्या बैठकीखाली चिकटवावयाचे होते. मुलगा आमच्याच मंडळीतील. त्याने मोठ्या आनंदाने विचारले, “सर, हा वैमानिक ख्रिस्ती होता म्हणून हे क्रूस काढले आहेत काय?” आम्ही त्यास सांगितले, की जर्मन विमानांवर काळ्या क्रुसाची खूण असे, आणि या वैमानिकाने जितकी जर्मन विमाने पाडली तितके क्रूस आपल्या विमानावर रंगविले. मुलगा काही वेळ हातातील चिमट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “त्यांतले किती जण छत्रीने खाली उतरले?” आम्ही म्हटले, ते या खुणांवरून समजत नाही. त्याने एक एक करून सर्व क्रूस चिकटविले, सरळ ओळीत, अगदी नीट. ते चिकटवू नकोस असे आम्ही म्हटले नाही, म्हणावे असे वाटलेही नाही. ते त्या विमानावर होते, म्हणून ते प्रतिकृतीवर असले पाहिजेत.

शांतीचा उपदेश करणाऱ्या शाळेने युद्धाच्या वस्तूंकडे पाठ फिरवावी, ही कल्पना आम्हांस म्हणूनच मानवत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली व अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, ही गोष्ट खानदेशात कोणास ठाऊक नाही? रणांगणावर आरंभ होणारा तो ग्रंथ एका अहिंसाव्रती पुरुषाने तुरुंगात बसून समजावून दिला. त्याने रणांगण वगळले नाही. आमच्या जुन्या करारातही लढायांची वर्णने पानोपानी आहेत, आणि तलवारींचे फाळ करण्याचे स्वप्न पाहणारा यशया संदेष्टा तलवार म्हणजे काय हे न जाणणारा नव्हता. मुलांपासून तलवार दडवून ठेवली तर ती नाहीशी होत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील खेळांत ती त्यांस सापडतेच, आणि तेथे पडलेला मनुष्य दुसऱ्या क्षणास पुन्हा उठून उभा राहतो. त्यापेक्षा तीन आठवडे खपून, डोळे ताणून, एकच विमान करणारे मूल आम्हांस अधिक सुरक्षित वाटते.

अभ्यासाचा वेळ वाया जातो, या तक्रारीस आम्ही फारसे महत्त्व देत नाही. ज्याचा वेळ वाया जावयाचा त्यास विमान लागत नाही.

खर्चाची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिला उत्तर दिलेच पाहिजे. परदेशाहून येणाऱ्या चांगल्या पेटीची, रंगांची व कुंचल्यांची मिळून जी किंमत होते तीत एखाद्या मजूर कुटुंबाची कित्येक दिवसांची रोजी जाते. नवापूर-अक्कलकुव्याकडील ज्या मुलांचे आईबाप उसतोडीस जातात, त्या मुलांनी शेजारच्या बाकावरील पेटीकडे नुसते पाहत बसावे, हे ख्रिस्ती शाळेत तरी चालू देता कामा नये. यावर उपाय वर सांगितलेल्या अमेरिकन मुलांनी दाखवून ठेवला आहे: लाकूड. पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ असते, आणि चाकूने सहज तासले जाते. आराखडा चौकोनी कागदावर काढावा, पुठ्ठ्याचे साचे कापावे, आणि तुकडा साच्यास लागेपर्यंत तासावा. पेटीतला पंख कारखान्याने अचूक केलेला असतो. येथे मात्र तो अचूक करणे हे मुलाचेच काम. पावरा व भिल्ल मुलांचे हात या कामात शहरातील मुलांहून सरस ठरतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बांबूच्या कामट्यांशी आणि गोफणीशी लहानपणापासून ज्यांचा परिचय, त्यांस लाकडाचा कल समजावून द्यावा लागत नाही. प्लॅस्टिकच्या पेट्या शाळेने आपल्या खर्चाने चार-दोन घ्याव्या, त्या सर्वांच्या मिळून असाव्या, व घरून पेटी आणण्याची चाल बंद करावी, असे आम्ही मुख्याध्यापकांस सुचविले आहे.

काही पालक प्रवासी विमाने करा असेही सांगतात. करावीत. आज जळगावास विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांडे येथे वैमानिकांचे शिक्षण चालते. तेथील लहान विमाने मुलांच्या डोक्यावरून जातात, आणि त्यांची प्रतिकृती करण्याची हौस असणे स्वाभाविक आहे. आमची त्यास मुळीच आडकाठी नाही. फक्त प्रवासी विमान केले म्हणजे प्रश्नांतून सुटका झाली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

यापुढे आमच्या तासास जो कोणी लढाऊ विमान करील, त्याने त्याबरोबर आपल्या हाताने मराठीत लिहिलेला एक कागद ठेवावयाचा आहे. हे विमान कोणी योजिले, कोणी बांधले, कोणी चालविले, आणि ते कोणावर चालून गेले, हे त्यात आले पाहिजे. आणि जे शोधूनही सापडले नाही ते सापडले नाही असे लिहावे. शुद्धलेखनाचे गुण निराळे. कागद नसेल तर विमान कितीही सुबक असो, ते कपाटात राहील. सैन्यातून परतलेल्या त्या गृहस्थांस आम्ही हा बेत कळविला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की तो कागद वाचावयास त्यांस येता येईल काय. त्यांनी जरूर यावे.

सध्या इम्फाळचे हरिकेन नववीच्या तीन मुलांकडे आहे. त्याच फळीवर खालच्या रानातला शिपाईही असावा, असे त्यांच्यातीलच एका मुलीने सुचविले, आणि तो मातीचा करावयाचे ठरले आहे. पहिला शिपाई विमानाच्या शेपटीहून उंच झाला होता, तो मोडावा लागला. दुसऱ्यास एक इंचाच्या आत बसविण्याची खटपट चालू आहे. एवढ्या लहान हातात निशाणाची काठी टिकत नाही, म्हणून तिच्यासाठी खराट्याची काडी तासून पाहत आहेत.